दहाव्या वर्षाचा रकाना

जूनची थंडी. केरिंगल शायरच्या कचेरीतला हीटर
एकाच बाजूने तापवतो,
म्हणून मी खुर्ची फिरवत बसते,
एकदा डावा खांदा, एकदा उजवा.
पडद्यावर दहा वर्षांचे दहा रकाने.
पहिल्यात आकडे सेंटापर्यंत नेमके,
पाचव्यापासून गुळगुळीत होत जातात,
दहाव्यात तर नुसती शून्यं,
नदीतल्या गोट्यांसारखी.

अंथरूण पाहून पाय पसरावेत, कबूल.
पण हे पोर झोपेत उंच होतंय.
मागच्या हिवाळ्यात लिंडक्विस्टच्या मेंढ्या होत्या तिथे
आज तीनशे बारा घरं,
प्रत्येकापुढे तीन खुंट्यांना बांधलेलं एक रोप
आणि हिरव्या झाकणाचा डबा.
बिल्डर रस्ते बांधून आम्हाला भेट देतो.
फीत, फोटो, सॉसेज.
भेट!
त्या दुपारपासून रस्ता झिजू लागतो
आमच्या नावावर.

झिजण्याला आमच्या खात्यात घसारा म्हणतात.
पुलाला घसारा, पोहण्याच्या तलावाला,
वाचनालयाच्या छपराला, बसथांब्याच्या बाकाला.
माणसांना नाही.
ग्रेडरवाला सिओने तुपोऊ
छत्तीस वर्षं खडी सपाट करून
शुक्रवारी कंबर धरून घरी गेला.
त्याची नोंद 'रजेची देणी' या ओळीत, इतरांसोबत.

जनसुनावणीला चाळीस खुर्च्या मांडल्या.
एकच बाई आल्या,
विल्हेल्मिना ऊस्टरव्हेल्ट, वय सत्त्याऐंशी.
मसुद्याच्या एकशे चार पानांत
खुणेला लोकरीचे धागे.
"माझ्या गल्लीचा फुटपाथ नवव्या वर्षात."
मी घाईघाईने म्हटलं, अलीकडे आणायचा झाला तर...
"फुटपाथ राहू दे. खालच्या वळणावर पाणी तुंबतं.
पाइप कधी बदलणार? आणि केवढा?
आधी पाइप. नाहीतर फुटपाथ पुन्हा उकराल."
जाताना दोन बिस्किटं रुमालात बांधून नेली.

पाइपचं वय कुठल्याच यादीत नव्हतं.
तळघरातून १९६१ची खतावणी काढली.
तेव्हाचे क्लार्क हेक्टर ट्रेगेन्झा,
अक्षर तारेवर ओळीने बसलेल्या पाखरांसारखं:
बारा इंची पाइप, मजुरी, सिमेंट, एकूण पौंड.
आणि बाजूला, तिरकं,
"अठरा इंची हवा होता. पैसे नाहीत.
पन्नास वर्षे टिकेल म्हणतात.
पुढच्यांनी माफ करावे."

माफीला खतावणीत रकाना नसतो,
म्हणून समासात.

पन्नास केव्हाच सरली, हेक्टर.
तुमचा पाइप अजून आहे,
आणि तीनशे बारा छपरांचं पाणी
आता त्याच्याच गळ्यात.

मी तो चौथ्या वर्षात ओढला. चोवीस इंची.
त्याबरोबर तलावाच्या फरशा सातव्यात सरकल्या,
पट्टी घरामागे आठवड्याला एकवीस सेंट वाढली.
मंगळवारी महापौर विचारतील,
जमिनीखालचं कुणाला दिसतं, आणि तेही निवडणुकीच्या साली?
पाच विरुद्ध चार होईल,
कुठल्या बाजूने, सांगता येत नाही.

दहाव्या रकान्यात मी इथे नसेन.
तिथे जो कोणी बसेल, बहुधा आज शाळेत असलेला,
त्याला काहीतरी सांगायचं होतं,
तलावाबद्दल, त्या पुलाबद्दल
जो मी तिसऱ्यांदा पुढे ढकललाय.
पडद्याला समास नसतो.

छापील प्रतीला असतो. दोन सेंटिमीटर.
प्रिंटर गरम होईपर्यंत
मी पेन शोधते.