चौसष्ट

उठल्यावर, अंथरुणातच, कुणाशी बोलायच्या आधी
मनगटावर दोन बोटं ठेवायची आणि मोजायचं –
हे मीच शिकवलं होतं जयवंताला.
बावन्न. एक्कावन्न. बावन्न.
वहीच्या समासात तिचे आकडे
मुंग्यांसारखे एका रांगेत.

डिसेंबरात अठ्ठावन्न.
मी शेजारी लिहिलं : थंडी.
गंगापूर रोडवर पहाटे सात अंश, धुकं,
असेल.
मग साठ. मी लिहिलं : परीक्षा.
मग चौसष्ट.
तिथं मी काहीच लिहिलं नाही.
त्या दिवशी पांडवलेणीच्या पायऱ्या होत्या, आठदा वर-खाली,
आणि मी तिला दोन खेपा वाढवून दिल्या,
कारण चारशे मीटरला ती दीड सेकंद मागे पडत होती
आणि मागे पडणाऱ्याला आणखी पळवायचं असतं,
एवढंच मलाही कुणीतरी शिकवलं होतं.

वसतिगृहाच्या मावशी म्हणाल्या,
पेठची पोर, आणि नागलीची भाकरी अर्धी टाकते?
मी म्हणालो, वजन उतरेल, बरंच आहे.
खोलीतली मुलगी म्हणाली, सर, ही रात्रभर बसून असते,
खिडकीतून रस्त्यावरचे ट्रक मोजते.
सर्दी तर तीन आठवडे हटली नव्हती.
पाळी थांबल्याचं तिनं मला सांगितलंच नाही.
कशी सांगणार?
ज्याला सांगावं असा चेहरा
मी कधी केलाच नव्हता.
एकदा स्टॉपवॉच दाखवलं तर रडली,
मग हसली, मग बुटाची लेस
सोडून पुन्हा बांधत राहिली.

फेब्रुवारीत नडगीच्या हाडाला केसाएवढी चीर.
डॉक्टरांनी फिल्म उजेडाला धरली.
"ही काही आजची नाही."

धाकटा भाऊ दिंडोरीला द्राक्षं करतो.
माल उतरला की वीस दिवस बागेला हात लावत नाही,
पाणीही बेतानं.
"आळस नाही दादा, वेल आतल्या आत भरून घेत असते."
दरवर्षी सांगतो.
दरवर्षी मी मान डोलवतो
आणि पेटी घेऊन शहरात परततो.

आता मे.
जयवंता सकाळी गोदाकाठानं चालते,
नुसती चालते. घड्याळ माझ्या खिशात.
आज विचारलं, किती?
म्हणाली, मोजलंच नाही सर, झोप लागली होती.
मी वही उघडली,
तारीख टाकली,
आणि आकड्याच्या जागी लिहिलं :
झोप लागली होती.