चौथ्या टेबलावरची मोजणी

मोंतसोब्रोत मतदान रविवारी असतं, शाळेत.
पहिलीच्या बाकांवर गुडघे पोटाशी घेऊन
आम्ही चार मोठी माणसं,
मागे फळ्यावर कुणीतरी काढलेला देवमासा.
एकोणतीस वर्षं चौथं टेबल माझंच आहे.
दियोलिंदा, नगरपालिकेतली कारकून, आता निवृत्त.
चष्मा गळ्यात, रबरी टोपण अंगठ्याला.

शहर तसं सोपं. म्हणजे होतं.
किल्ल्याजवळची घरं निळ्यांची,
त्यांच्याकडे जमिनी होत्या, नंतर जमिनींची आठवण.
स्टेशनाखालच्या गल्ल्या लालांच्या,
बुचाच्या कारखान्यातल्या; तिथे पोर
आधी मूठ वळायला शिकायचं, मग चमचा धरायला.
मधला चौक वारा येईल तिकडचा.
निकाल मी आदल्या रात्रीच
विजेच्या बिलामागे लिहून ठेवायचे
आणि चुकायचे पाच-सहा मतांनी.

बुचाच्या झाडाची साल नऊ वर्षांनी सोलतात.
खोड उघडं पडतं, लालबुंद, जखमेसारखं,
त्यावर पांढऱ्या रंगात त्या सालाचा शेवटचा आकडा.
मग झाड वाट बघतं, आपणही.
सात लिहिलेली झाडं मी पाहिली, सहा लिहिलेली पाहिली.
पुढचे आकडे लिहायला येणारी माणसं
लक्झेंबर्गला फरश्या बसवतात.

नव्या पक्षाला पहिल्यांदा माझ्या टेबलावर अकरा मतं पडली.
आम्ही हसलो. कुणीतरी म्हणालं, दारू पिऊन आले असतील.
मग चौसष्ट.
काल रात्री दोनशे बारा,
आणि कुणी हसलं नाही.
इल्दा फक्त म्हणाली, खिडकी लावा, गार येतंय.

मतपत्रिकेवरची फुली म्हणजे होकार.
पण हात ती मारतो खोडून टाकल्यासारखीच.
इतकी वर्षं मोजून फुल्या ओळखू येतात,
हे कुणाला सांगायचं नसतं.
शिंप्याची बारीक, टाक्यासारखी.
फादर अबिलियोंची एक रेघ उभीच राहते, सवयीने.
माझी कुणी ओळखू नये म्हणून मी
ओळखपत्राची कड लावून मारते.

आणि एक फुली, जिची उजवी तंगडी
चौकटीबाहेर जाऊन आकडीसारखी वळते.
फौस्तीनो कारापिसोची.
बूच कापायच्या यंत्राने त्याची तर्जनी नेली,
तेव्हापासून पेन तो मधल्या बोटात धरतो.
पहिल्या मतदानाला पहाटे चारपासून रांगेत उभा होता,
वडिलांच्या कोटात, बाह्या दुमडून.
संप त्याने मोडू दिला नाही. लग्न मोडलं.
त्याची आकडी मला दर खेपेला
लालांच्या गठ्ठ्यात भेटायची,
मी मनातल्या मनात म्हणायचे, आलास का रे.

काल ती दोनशे बारांत निघाली.

मी कागद उजेडाकडे धरला.
इल्दाने विचारलं, बाद आहे का?
नाही म्हटलं, चांगलं आहे.
आणि चार घड्यांचा तो कागद
अंगठ्याने सपाट करून
ज्या ढिगावर ठेवायचा त्याच ढिगावर ठेवला.

राजधानीचा एक मुलगा आलाय, वही घेऊन.
का वळलं हो तुमचं शहर, विचारतो.
मी सांगितलं, डॉक्टर गुरुवारीच येतो,
बस सहा पाचला सुटते आणि मग नाही,
कारखान्यात आता लग्नाचा हॉल आहे आणि लग्नं नाहीत.
त्याने सगळं लिहून घेतलं.
खरंही होतं ते.
पण हे सगळं गेल्या खेपेलाही होतं,
त्या आधीही. आणि आकडी तिकडेच होती.

आज सकाळी पावाच्या दुकानात फौस्तीनो पुढे उभा.
आपल्यांचं किती झालं, दियोलिंदा?
'आपल्यांचं' म्हणाला.
एकतीस कमी, मी म्हटलं.
एकतीस! कोण असतील गं हे लोक,
त्याने मान हलवली, खरोखर वाईट वाटून,
आणि नऊ बोटांनी सुट्टे पैसे मोजू लागला.
एक नाणं घरंगळत माझ्या पायाशी आलं.
मी वाकले. तोही वाकला.