पोफुरू ओला होतो का

दोन वर्षं मी उंदीर होते.
म्हणजे अगदी उंदीर नव्हे,
खार आणि वाफेवरचा पाव यांच्या मधलं काहीतरी.
डाव्या कानात घंटा,
शेपटीच्या टोकाला उगाच एक तारा.
नाव पोफुरू.

नेरिमातलं तळघर, दर गुरुवारी सकाळी दहा.
चपला दाराबाहेर, अंगात न सळसळणारे कपडे,
अकरा माणसं, तीन माइक,
संहितेचं पान उलटायचं तेही श्वास धरून.
रुरिकाचा आवाज देणारी शिनोझाकी चांगली उंच.
माझ्यासाठी माइक खाली घ्यायला कुणाला वेळ नसे,
मी टाचा उचलून बोलायचे.
पोफुरूच्या बोलण्यात जी धडपड ऐकू येते
ती अभिनयातली नाही,
पोटऱ्यांतली आहे.

रुरिकाच्या रूपांतराला बेचाळीस सेकंद.
फिती, पाकळ्या, बोटाबोटाच्या टोकाला उजेड,
एक गिरकी, आणि केसांचा रंग दोनदा पालटायचा.
एकदाच काढलेलं, एकदाच रंगवलेलं,
दर आठवड्याला तेच, तरी मुलं डोळे फाडून बघायची.

पोफुरूला धुराची तीन चित्रं.
फुस्स, झाला आरसा.
फुस्स, किल्ली. शिडी. कंगवा. होडी.
एकदा तर नुसतं बिजागर.
हाताकेयामासानांना विचारलं, बिजागर काय म्हणेल?
ते म्हणाले, किर्र म्हण.
मग काचेपलीकडून: जरा गोड किर्र.

एकोणिसाव्या भागात तो छत्री झाला.
राक्षसाचा काळा पाऊस, खाली रुरिका,
मुठीशी लोंबणारी घंटा.
मला एकच वाक्य होतं:
"भिजू नकोस हं!"

पुढच्या महिन्यात एक पाकीट आलं.
वर लिहिलेलं, पोफुरूच्या आवाजास.
आत वाकाना, इयत्ता पहिली, तोत्तोरी.
अक्षरं रांगेतून पडलेली:
"छत्री होतो तेव्हा पोफुरू ओला होतो का?"

मी ते सगळ्यांना वाचून दाखवलं.
हशा पिकला. मीही हसले.
शिनोझाकी तेवढी म्हणाली,
खरंच गं, आपण कधी विचारलंच नाही.
आणि लाल दिवा लागला.

अडतिसाव्या भागात पोफुरू माणूस झाला.
त्याला बेचाळीस नाही, पण अकरा सेकंद मिळाले:
लांब पापण्या, पांढरा सदरा, उघडे पाय.
रुरिका लाजते, असं लिहिलेलं.
त्या दिवशी माझ्या जागी एक मुलगा आला,
चोवीस वर्षांचा, आवाज मधात बुडवलेला.
माणूस झाल्यावर माझा आवाज चालणार नव्हता,
कुणी तसं बोललं नाही,
फक्त माझ्या संहितेत त्या पानांवर
पेन्सिलीची बारीक फुली.

भिंतीजवळच्या बाकावर मी बसले,
जिभेखाली घशाची गोळी,
आणि माझं वाक्य दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं.
चांगलं म्हणाला तो. वाईट वाटावं इतकं चांगलं.
भाग संपता संपता, धुराची तीन चित्रं,
आणि हाताकेयामासान हात हलवतात,
इसोगाइसान, या, तुम्ही.
मी टाचा उचलल्या.
"आई गं, माणसाचे पाय किती थंड असतात!"
हे संहितेत नव्हतं.
ठेवलं त्यांनी.

आता माझं वय एकाहत्तर.
आवाज खाली उतरलाय, जिना उतरतो तसा,
कठडा धरून.
नवीन मालिकेत पोफुरू दुसरी कुणी करते,
तिच्यासाठी माइक खाली घेतात म्हणे.

वाकानाला उत्तर द्यायचं राहिलं.
ती आता चाळिशीत असेल,
तिची मुलगी दुसऱ्याच कुठल्या प्राण्यावर जीव टाकत असेल.
पाकीट खणात आहे,
वीजबिलांच्या खाली.

पण बाहेरून आले की
छत्री कोपऱ्यात तशीच उभी करत नाही मी.
जमिनीवर बसते, ती मांडीवर घेते,
जुन्या टॉवेलनं टिपते एकेक काडी,
आधी कापड, मग मूठ,
मग मुठीखालची ती जागा
जिथे घंटा असती.