सात चौकोन

टेबल टेनिसचा चेंडू, काळा रंगवलेला,
पोटात तापमापक.
तिकाटण्याला तो टांगून मी उभी असते
उजळाईवाडीच्या नव्या इमारतीत, दुसरा मजला, लेखा विभाग.
"ह्यात कॅमेरा हाय काय ओ?"
नाही. ह्याला फक्त भिंतीची ऊब कळते.
दोन विटांच्या मधे हवा कोंडलेली भिंत,
पश्चिमेच्या खिडक्यांना आडव्या पट्ट्यांची सावली,
गच्चीवर पांढरी फरशी,
दारात ताऱ्यांची पितळी पाटी.
वीज वाचते.
माणसांचं काय, ते विचारायला मला पाठवलंय.

कागदावर सात चौकोन:
फार थंड, थंड, किंचित थंड,
बरोबर,
किंचित गरम, गरम, फार गरम.
एकावर खूण करा.
आत्ताचं सांगा, कालचं नको.

मग कपडे मोजायचे.
माझ्या तक्त्यात सूट आहे, टाय आहे,
साडीची ओळ नाही.
ती मी पेनानं आखून घेतली.

धनपाल मगदूम, शिपाई.
बावीस वर्षं शिरोलीच्या फाउंड्रीत ओतकाम,
मनगटावर मोहरीएवढे पांढरे डाग.
सातही चौकोन त्यांनी वाचले,
चष्मा पुसून परत वाचले.
"ताई, चालतंय की, ह्यो चौकोन कुठाय?"
म्हटलं, 'बरोबर'वर करा की.
"बरोबर न्हवं. चालतंय."
मी समासात लिहून घेतलं.

अकराला सत्तावीस पूर्णांक आठ.
तीनला एकोणतीस पूर्णांक दोन.
बाहेर एप्रिल, हायवेवर चपलेला डांबर चिकटतंय.
सूत्र सांगतं, सगळं अगदी जुळून आलं
तरी शंभरात पाच जण नाराज निघणारच.
एवढ्या लांबलचक समीकरणात
माणसांसाठी सोडलेली ही एकच जागा.
इथं बेचाळीस जण.
म्हणजे दोन.

पहिला सापडला: शकील मुजावर, गरम.
जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढतो
आणि धापा टाकत खूण करतो.
त्याचं गणित बसतं.

दुसऱ्या पद्मजा उपाध्ये.
एकोणतीसला, भर दुपारी: थंड.
मंगळवारी थंड. बुधवारी थंड.
गुरुवारी अदबीनं विचारलं, बरं आहे ना, ताप वगैरे?
"नाही हो."
पदर दोन्ही खांद्यांवरून घेतलेला.

चेंडू त्यांच्या टेबलापाशी नेला.
वारा मोजला.
शेजारचं टेबल रिकामं, काच लख्ख,
काचेखाली अजून एसटीचं जुनं वेळापत्रक.
वर पंखा, तीनवर.
खाली कुणी नाही.

"बंद करू का?"
पावत्या फडफडल्या, त्यांनी पेपरवेट पुढं सरकवला.
"राहू दे. घाटगेबाईंना लागायचा."

लागायचा.
हे कुठल्या रकान्यात भरू?
कालचं नको, असं मीच छापून आणलंय.

रात्री अहवाल लिहिताना:
एक नोंद विसंगत. कारण, पंख्याचा थेट झोत.
उपाय,
इथं वर्षाला वाचणारी युनिटं काढली,
आकडा बारीकच होता,
खोडला.

साडेपाचला मगदूम बटणं बंद करत येतात,
टक, टक, एका ओळीनं,
आणि त्या एका बटणाशी थांबतात,
बोट तसंच वर धरून,
उपाध्येबाई डबा पिशवीत घालून
खुर्ची आत सरकवेपर्यंत.