आतली शिवण

वादी कबीरच्या मागच्या गल्लीत, टायरवाल्याला लागून, आमचं शटर.
पाटी नाही. दारावर एका जुन्या हँडलची वाकडी शिंगं.
मालक मुंधिर, रंगाला गुलजमान,
आणि मी बाळगोंडा, इथं सगळ्यांचा बाला.
सोहारच्या रिफायनरीत बारा वर्षं
माणूस वाकून शिरेल एवढे पाइप जोडले.
आता मनगटाएवढ्या नळ्या.
वर्षाला एकवीस सायकली. बाविसावी घाईत होते, म्हणतो मुंधिर.

माप घ्यायचं शिंप्यासारखं:
मांडीच्या आतून जमिनीपर्यंत, खांदा, हात,
आणि विचारायचं, डोंगर उतरताना भीती वाटते का?
हो म्हणाला तर पुढचं चाक जरा लांब सारायचं.
नाही म्हणाला तरी सारायचं, अर्धा अंश.
खोटं बोलतात.

बहलाची शिक्षिका शम्सा म्हणाली, वाटते.
डावा पाय दीड सेंटिमीटर आखूड, तेही तिनंच सांगितलं.

टायटॅनियम हट्टी.
तापला की हवा पितो, हवा प्याला की ठिसूळ होतो.
म्हणून बाहेरून आर्गॉन, आतूनही आर्गॉन;
नळीची तोंडं चिकटपट्टीनं बांधून
पोटात वायू भरायचा.
जी बाजू कुणी बघणार नाही, तिची सोय आधी.
रंग खरं सांगतो.
चांदी उतरली, उत्तम.
वाळल्या गवताचा आला, चालतो.
निळा आला की जीभ चावावी.
राखाडी आला, तर बोलू नये, करवत आणावी.

चंद्र दिसला आणि रेजीनं गॅसच्या दुकानाचं शटर ओढलं.
ईद. पाच दिवस.
माझ्या सिलिंडरचा काटा तळाला टेकलेला.
शम्साचा एकच सांधा राहिला होता,
हँडलच्या नळीखालचा.
बाहेरच्याला पुरेल एवढा वायू होता.
आतल्याला नव्हता.

मी बाहेरचा पुरवला.
नाण्यांची चवड आडवी केल्यागत शिवण आली, एकसारखी.
मुंधिरनं फोटो काढला.

सात महिन्यांनी ती आली.
जबल अखदरवरून अकरा किलोमीटर चालत उतरलेली,
फ्रेम पाठीवर घेऊन.
मी जी तिला न्यायला बनवली,
ती तिनं आणली.
कोपराला खरचटलेलं. बाकी नशीब.

मुंधिरनं भेग बोटानं चाचपली.
खडक आदळला असेल, म्हणाला.
मला तिथंच थांबता आलं असतं.
कापूया, म्हटलं.
करवत चालली, दोन फाका झाल्या,
आत राख,
पाक करपून कढईला चिकटावा तशी.

मग सांगितलं: ईद, काटा, रेजीचं बंद दुकान.
हिंदीत सुरू केलं, अरबीत अडकलं,
शेवट मराठीतच झाला.
गुलजमान रंगाचा पंप बंद करून उभा.

शम्सा चहाचा कप धरून ऐकत होती,
न कळलेलं मराठीसुद्धा.
"पाच दिवस?" म्हणाली. "मी थांबले असते."

एवढंच.
त्यापेक्षा शिवी बरी होती.
आमच्या शिरोळकडं शिवीनं हिशेब मिटतो.

नवी फ्रेम लावलीय जिगवर, त्याच मापाची.
भीतीचं पुन्हा विचारलं. वाढलीय.
चाक अजून अर्धा अंश पुढं.
नळ्या कापून, कानसून, पुसून
कागदात गुंडाळून ठेवल्यात.
सिलिंडर अर्धा आहे; अर्ध्यावर मी आता हात लावत नाही.
दुसरा परवा येईल.

गुलजमान म्हणतो, काय नुसता बसलास, बाला.
त्या फाकेतली एक माझ्या खणात आहे.
बाहेरून अजूनही बघण्यासारखी.
मी अंगठा आतून फिरवतो.