जीभ दाखवा

एकोणीस वर्षं मी कागद उजेडात धरते.
नोट प्रेसच्या तपासणी टेबलावर
शाई पुसट का, रेघ सरकली का,
चूक दिसली की ताव बाजूला.
माझ्या पोटातली चूक मात्र
नळी घालून शोधावी लागली.
रिपोर्टवर लाल डागांचा फोटो,
खाली लिहिलेलं: जुनाट जठरदाह.
जुनाट. बिटको चौकापर्यंत हाच शब्द घोळवत आले,
माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीला म्हणतात तसा.

गोळ्या घेतल्या, उपाशीपोटी, अर्धा तास आधी.
गुण होता त्यांना, खोटं कशाला बोलू.
पण पहाटे तीनला बरगडीखाली
कुणीतरी निखारा फुंकायचंच.

ताराबाई बच्छाव म्हणाली, पाथर्डी फाट्याला
एक कोरियन बाई आहेत, सुया टोचतात.
म्हटलं, सुया टोचणारी माणसं
माझ्या सासरी पुष्कळ आहेत.
तरी गेले.

डॉक्टर सोन. नवरा सिन्नरच्या कारखान्यात,
ह्या वरच्या मजल्यावर, खाली टायरचं दुकान.
जीभ दाखवा, म्हणाल्या.
खिडकीशी नेलं, हनुवटी वर केली
आणि पाहत राहिल्या,
मी ताव पाहते अगदी तशा.
मग मनगटावर तीन बोटं, कितीतरी वेळ.
मग बेंबीच्या वर दाबून, "इथे दगड."
मग मोडक्या मराठीत,
"जेवता कधी? बसून? कोणाबरोबर?"

कोणाबरोबर.
ओट्याशी उभी राहून जेवते, बाई.
एका हातात पोळी, दुसऱ्या हातात डब्याचं झाकण,
घड्याळात सहा वाजून सात मिनिटं.
हे कुठल्या नळीला दिसणार होतं?

गुडघ्याखाली चार बोटांवर एक सुई.
मुंगी चावल्यागत, मग पाय जड,
मग पोटात काहीतरी हललं,
झोपेत मांजर कूस बदलतं तसं.
वाळल्या पाल्याचा बोळा पेटवून पोटाजवळ धरला.
धूर ओळखीचा. कुठला, आठवेना.

गोळ्या बंद करू नका, त्या तुमच्या डॉक्टरांना विचारा, म्हणाल्या.
चहा एक. रात्रीचं आठच्या आत.
घास तीस वेळा.
आणि भाताची खरवड पाण्यात उकळून प्या,
आमच्याकडे जेवणानंतर हेच.
मी हसले. आमच्याकडे खरवड
पातेलं घासणारीच्या वाट्याला येते.

रविवारी सगळे मिसळीला.
जाऊबाईंनी तर्रीची वाटी पुढे सरकवली,
मी परत सरकवली.
वाटी दोनदा गेली, दोनदा आली.
दीर म्हणाले, नाशिकची ना तू?
नाशिकचीच. म्हणून तर.

पहिल्यांदा खुर्ची ओढून जेवायला बसले
तेव्हा साहेबरावांनी विचारलं,
बरं वाटत नाही का?
तीस वेळा चावायचं तर बोलता येत नाही.
मग तेच बोलत राहिले,
भावाच्या वाटणीचं, गुडघ्याचं,
मला माहीत नसलेलं बरंच काही.

ऑगस्टात शिफ्ट बदलली, निखारा परत आला.
डॉक्टर सोन पोटावर हात ठेवून म्हणाल्या,
"हट्टी. हळू."
मला का त्या पोटाला, कळलं नाही.

चैत्रात पंचवटीतून येताना
दवण्याची जुडी घेतली, आणि तिथेच,
भर रस्त्यात, तो धूर आठवला.
जुडी त्यांना नेऊन दिली.
त्यांनी नाकाशी धरली, डोळे मिटले.
"स्सुक," म्हणाल्या. मग,
"नाही. स्सुकची बहीण."
आणि खिडकीशीच उभ्या राहिल्या.

मी उजेडात माणूस पाहत होते.
टेबलावर त्यांचा डबा, तीन वाजले तरी
झाकण घट्ट.
विचारलं, जेवलात? कोणाबरोबर?

खाली कुणीतरी टायरात हवा भरत होतं.
ते थांबेपर्यंत
आम्ही दोघी काही बोललो नाही.