एक जानेवारी

बचतगटाच्या पेटीत अजून आहे तो.
पासबुकं, शाईचा पॅड, कुठल्या कुलपाची आठवत नाही अशी किल्ली,
आणि जुन्या टोपड्याच्या कापडात गुंडाळलेला
चंदेरी कॅमेरा, साबणाच्या वडीएवढा.

अकराजणींनी तीन-तीनशे घालून घेतला होता,
राळेगावहून. पावती माझ्या नावानं, सचिव म्हणून.
बकऱ्यांच्या विम्यासाठी.
कंपनीला हवी होती बकरी, कानातला बिल्ला आणि मालकीण,
एका चौकटीत, दोघींचे डोळे उघडे.
बकरी थांबायची. मालकीण हलायची.

महिना-महिना एकेकीच्या घरी राहायचा.
दोन पेन्सिल सेल जिचे तिनं घालायचे, असा ठराव.
सेल काढले की तारीख विसरायचा,
पुन्हा चालू केला की १ जानेवारी २००८.
विम्याचा साहेब म्हणाला, बाई,
तुमची बकरी मेली यंदाच्या ऑगस्टात
आणि फोटोतल्या तारखेला तर ती जन्मलीच नव्हती.
दुर्पताबाई म्हणाली,
"दात पाहा नं तिचे, साहेब. तारीख काय पाह्यता?"
पैसे मिळाले नाहीत.

आता तिच्या नातवाकडे फोन आहे.
रात्री बाराला, लाइन गेलेली, बकरी व्याली.
तीन पिल्लं, ओली, कान मानेला चिकटलेले;
आमच्या डोळ्यांना जे दिसलं नाही ते फोटोत दिसलं.
तारीख, वेळ, गाव, सगळं आपोआप.
पुढं एक पिल्लू दगावलं, तर आठवड्यात पैसे खात्यावर.
खोटं कशाला बोलू? फोन चांगला आहे.
मी पेटी उघडते ती हप्ते मोजायला.

म्हणून सोमवारी ठराव मांडला, कॅमेरा विकून टाकू.
दुकानदार म्हणाला होता चाळीस रुपये, तेही कार्डाचे.
मग म्हटलं, आधी कार्ड पाहू.
एक सेल टॉर्चमधला काढला,
एक अंगणवाडीच्या घड्याळातला.
भिंग घरघरत बाहेर आलं,
कासवानं मान काढावी तसं,
आणि पडद्यावर इंग्रजीत काहीतरी उमटलं.
इतकी वर्षं आम्ही ते मधलं बटण दाबून घालवत होतो.
नातवानं वाचलं: "तारीख लावायची का म्हणते."

बकरी. बकरी. चंद्रकला आणि बकरी.
तान्ह्या पोळ्यातला लाकडी बैल, १ जानेवारी.
भुलाबाईची खिरापत, १ जानेवारी.
नाला भरून वाहतोय, त्यात कुणाची तरी चप्पल, १ जानेवारी.
बेबीच्या सुनेचं डोहाळजेवण
आणि पुढच्याच फोटोत ते पोर चालतंय,
तारीख तीच.

पंचफुलाच्या पाळीतले फोटो न सांगता कळतात.
उजव्या कोपऱ्यात तांबूस धुकं. तिचं बोट.
पंचफुला किनाके लेकाकडे गेली, बल्लारशाला,
चार वर्षं झाली, वहीतून नाव कमी केलं मीच.
तिचा स्वतःचा एकही फोटो नाही.
तिची बकरीसुद्धा जावेनं धरलेली.
बोट मात्र एकोणतीस फोटोंत,
मी मोजलं.

"हे मिटवता येते, आजी," नातू म्हणाला,
"फोनवर घेतो, एका मिनिटात साफ."
कोणी काही बोललं नाही.
बेबी पदरानं भिंग पुसत बसली, नको तितका वेळ.
"आन तारीख? लावू?"
"राहू दे," दुर्पताबाई म्हणाली. "सवय हाय त्याले."

ठराव क्रमांक सात: कॅमेरा विकू नये.
पुढची पाळी चंद्रकलाची. सेल जिचे तिनं.
खाली सभा संपल्याची वेळ लिहायची असते.
भिंतीकडे पाहिलं तर घड्याळ बंद,
त्याचा सेल अजून कॅमेऱ्यात.
चंद्रकलानं कमरेचा फोन काढला
आणि सांगितलं, पाच वाजून बारा मिनिटं.